आले, विचारलं आणि गेले

ताई, नमस्कार. लॉकडाऊनमध्ये आम्ही काही मित्रांनी टेलिग्रामवर एक ग्रुप सुरू केला. कॉम्प्युटर आणि मोबाइलच्या अडचणी मराठीतून सोडवायच्या, पैसे घ्यायचे नाहीत. प्रिंटर, मराठी टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, हँग होणारे फोन, जे येईल ते. आज अकराशेच्या आसपास मेंबर आहेत, पण उत्तरं देणारे आम्ही तेच पाच-सहा जण. नवा माणूस येतो, विचारतो, उत्तर मिळालं की गायब. कित्येक जण तर काही विचारतही नाहीत, नुसते असतात. आमच्यातले एक सर फार हुशार आहेत, पण 'आधी गुगल करा' असं फटकन लिहितात. वयाने मोठे, त्यांना बोलायचं कसं? हल्ली लोक चॅटजीपीटीलाच विचारतात ते वेगळंच. मेंबर वाढवायला लकी ड्रॉ ठेवावा, ग्रुपचं नाव बदलावं असं आमच्यात चाललंय. लोक यावेत आणि टिकावेत यासाठी काय करू?
– एक अ‍ॅडमिन, मिरज

नमस्कार दादा,

लकी ड्रॉ आधी रद्द करा. इअरफोनसाठी आलेला माणूस इअरफोन लागला नाही की दुसऱ्या दिवशी ग्रुप म्यूट करतो, आणि लागला तर त्याच दिवशी. आकडा फुगेल आणि तुमचे पाच-सहा जण आणखी दमतील, एवढंच होईल.

उत्तर मिळालं की माणूस जातो याचं वाईट वाटून घेणंही सोडा. बरा झालेला पेशंट ओपीडीच्या बाकावर बसून राहत नाही. बहुतेक जण जाणारच, आणि समाधानाने गेले असतील तर तुमचं काम झालं. विचार करायचा तो त्या थोड्यांचा, जे थांबले असते पण त्यांना थांबायला काही कारणच मिळालं नाही. तुमच्या पत्रात नवा माणूस फक्त विचारतो. उत्तर देणारे 'आम्ही', विचारणारे 'ते'. अकराशेतल्या एकालाही 'ते'मधून 'आम्ही'त यायची वाट दिसत नसेल, तर तो आपलं काम उरकून जाणारच ना? म्हणून माझा सल्ला एका वाक्यात सांगते: ज्याचं काल सुटलं, त्याला आज दुसऱ्याचं सोडवायला बोलवा. बाकी सगळं याच्या मागून येतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसेल ते सांगते. समजा, शाळेतल्या एक बाई ग्रुपवर आल्या. त्यांना 'डोंगरदऱ्या' लिहायचंय आणि उमटतंय 'डोंगरदर्या'. मराठी टायपिंगच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर नेहमीचा र 'जे'च्या बटणावर असतो. 'डी' दाबून त्याचा पाय मोडला आणि पुढे य दिला, की रफार होऊन तो वर चढतो. त्याऐवजी शिफ्ट धरून 'जे' दाबलं की खाली टिंब असलेला ऱ येतो. मग 'डी', मग य, की झालं ऱ्य. तुमच्या सरांना हे झोपेतही येत असेल. ते लिहितील, "ऱ हे वेगळं युनिकोड कॅरेक्टर आहे, वर दहा वेळा सांगितलंय, शोधा." माहिती शंभर टक्के बरोबर. बाईंना उपयोग शून्य.

बाईंचं कसंबसं सुटलं. पंधरा दिवसांनी एका ग्रामपंचायतीतला ऑपरेटर नेमकं हेच विचारतो. इथे तुमच्या तज्ज्ञ मंडळींनी हात बांधून बसायचं आणि तुम्ही लिहायचं, "बाई, तुमचंही हेच अडलं होतं ना? कसं जमलं ते यांना सांगता का?" बाई लिहितील, "शिफ्ट धरून जे. मग शिफ्ट सोडायचं. मग डी. मग उजवीकडचं तिरक्या रेघेचं बटण. मी शिफ्ट सोडतच नव्हते, त्यामुळे मध्ये अ येत होता." हे शेवटचं वाक्य सरांच्या तोंडून कधीच आलं नसतं, कारण आपलं बोट कुठे अडखळायचं ते ते केव्हाच विसरलेत. नुकत्याच शिकलेल्याला ते लख्ख आठवतं. ऑपरेटरचं काम होतं, बाईंची कॉलर ताठ होते आणि तुम्हाला सातवा उत्तर देणारा माणूस मिळतो. असं बोलावलेले सगळेच रोज उत्तरं देऊ लागतील असं नाही. पण दहा जणांना असं हाक मारून बोलावलं आणि त्यातले दोन टिकले, तरी आजच्या तुमच्या फौजेच्या मानाने ती मोठी भरती आहे.

त्यासाठी कोणाचं काय सुटलं हे तुमच्या लक्षात राहायला हवं. म्हणजे उत्तर देऊन मोकळं व्हायचं नाही, दोन दिवसांनी "झालं का हो?" असं विचारायचं. मदत करणाऱ्या मंडळींना कंटाळा नेमका इथे येतो हे मला माहीत आहे. पण हा दोन शब्दांचा मेसेज माणसाला परत ग्रुपवर आणतो. "झालं" असं आलं की लगेच सांगा, नेमकं कशाने झालं ते तुमच्या शब्दांत दोन ओळी लिहा. ते त्याचं ग्रुपवरचं पहिलं उत्तर.

आता सरांविषयी. या स्वभावाचं दुखणं फक्त मिरजेचं नाही. प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांसाठी २००८ साली सुरू झालेली स्टॅक ओव्हरफ्लो ही वेबसाइट या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नाव. तिथली शिस्त कडक, आधी येऊन गेलेला प्रश्न पुन्हा आला की डुप्लिकेटचा शिक्का मारून बंद. उत्तरांचा साठा त्यामुळे फार उत्तम झाला, पण नवख्यांना तिथे प्रश्न टाकायची धास्ती वाटायला लागली. शेवटी एप्रिल २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर लिहून मान्य केलं, की नव्या लोकांना, स्त्रियांना आणि इतरही बऱ्याच जणांना ही जागा परकी आणि तुसडी वाटते. विकिपीडियावर 'नवख्यांना चावू नका' असं मार्गदर्शक तत्त्व लिहूनच ठेवलेलं आहे, आणि इंग्रजी विकिपीडियाने २०१२ मध्ये नव्या लोकांसाठी टीहाउस नावाची वेगळी जागा काढली, जिथे कितीही बाळबोध प्रश्न चालतो. जिथे हुशार माणसं जमतात तिथे हे घडतंच, त्यामुळे सरांना खलनायक करू नका. तोच प्रश्न विसाव्यांदा वाचणारा माणूस वैतागणारच.

त्यांना समजावण्यापेक्षा त्यांचं काम बदला. टेलिग्राममध्ये ग्रुपचे विषयवार कप्पे पाडता येतात, टॉपिक्स म्हणतात त्यांना. एक कप्पा 'पहिलाच प्रश्न' म्हणून ठेवा आणि तिथे उत्तर देण्याचं काम बाईंसारख्यांकडे द्या. सरांना सांगा, "सर, तिथे आम्ही बघतो. जे आम्हाला सुटणार नाही ते तुमच्याकडे पाठवू." हे खोटंही नाही आणि त्यांचा मानही राहतो. विंडोज सुरूच होत नाही, हार्ड डिस्कमधून लग्नाचे फोटो परत काढायचेत, श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली तीनशे पानं आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये न्यायचीत, असली कामं त्यांच्या वाट्याला द्या. अशा कामांत त्यांचा वैतागसुद्धा खपून जातो. एवढं करूनही ते 'पहिलाच प्रश्न'मध्ये शिरून टोमणे मारत राहिले, तर मात्र एकदा फोन करून, ग्रुपवर नव्हे, स्पष्ट सांगा. वय मोठं म्हणून कोणी नव्या माणसाचा पाणउतारा करावा हे मला पटत नाही.

नव्या माणसाला मिळणारं पहिलं उत्तर हा ग्रुपचा खरा दरवाजा. "प्रिंटर चालत नाही" एवढंच लिहून कोणी येतो. त्याला "मॉडेल? ओएस? ड्रायव्हर? पूर्ण माहिती द्या, पिन केलेले नियम वाचा" असं उत्तर गेलं, की तो तिथूनच परत फिरतो. ओएस म्हणजे काय हेच त्याला माहीत नसतं आणि ते विचारायची आता लाज वाटते. उलट "प्रिंटरचा समोरून एक फोटो टाका, दिवा कुठला लागलाय ते दिसू द्या" असं म्हटलं, तर फोटोत मॉडेल नंबर येतो, दिव्याचा रंग येतो, बऱ्याचदा अडकलेला कागदही दिसतो. मग पुढचा एकच प्रश्न. मग पुढचा. शेवटी बहुधा प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची कामं रांगेत लावणारी विंडोजमधली सोय, बंद करून चालू करणं एवढंच निघतं, पण तिथपर्यंत माणूस तुमच्याबरोबर चालत आलेला असतो. उत्तर लगेच येत नसेल तरी "बघतो, संध्याकाळी सांगतो" असं पटकन लिहा. दिवसभर कोणीच काही न बोलणं हे चुकीच्या उत्तरापेक्षा वाईट.

तुमचे नियम किती आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशा ग्रुपांचे पिन केलेले मेसेज मी वाचलेत. सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखे लांबत जातात. तीन ठेवा. गुड मॉर्निंग आणि राजकारण नको. ओटीपी, आधार क्रमांक, बँकेचे तपशील दिसतील असा स्क्रीनशॉट टाकायचा नाही. आणि तिसरा, ज्याच्याबाबतीत कोणाचीही गय करू नका: मदत ग्रुपवरच होईल, खासगीत मेसेज कोणी करायचा नाही.

या तिसऱ्या नियमावर थोडं थांबते. मदत मागणारा माणूस गोंधळलेला असतो आणि तेव्हाच तो सहज फसतो. तुमच्या ग्रुपवर कोणी लिहिलं की पेन्शनचं अ‍ॅप उघडत नाही, की पाच मिनिटांत 'सपोर्ट टीम'चा फोटो लावलेला कोणीतरी त्याला खासगीत गाठू शकतो. एनीडेस्कसारखं, दूरून दुसऱ्याचा फोन बघता-चालवता येणारं अ‍ॅप टाकायला सांगतो, त्यावरचा नऊ-दहा आकडी कोड मागतो आणि फोनचा पडदा त्याच्या हातात जातो. या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. तुमच्या ग्रुपमधून असा एक जरी माणूस लुबाडला गेला, तर मिरज-सांगलीत तुमच्या पाच वर्षांच्या कामाचं नाव त्या एका गोष्टीने ओळखलं जाईल. कोणाचे पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायचा, हे पिन केलेल्या मेसेजमध्ये लिहून ठेवा. आणि दूरून स्क्रीन ताब्यात घेऊन दुरुस्ती करण्याचा मोह तुमच्या चांगल्या माणसांनीही टाळावा. काम लवकर होतं हे खरं, पण लोकांना त्याची सवय लागते, आणि उद्या भलत्याने मागितला तरी ते कोड देतात.

याच नियमाचा दुसरा फायदा म्हणजे बायका बोलू लागतील. त्या 'नुसत्या असणाऱ्या' मेंबरांत किती जणी आहेत, बघा एकदा. प्रश्न विचारला की रात्री "हाय, कुठून तुम्ही?" असा मेसेज येतो, म्हणून त्या विचारत नाहीत. टेलिग्रामवर आपला नंबर कोणालाच दिसणार नाही अशी सोय आहे. प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये फोन नंबरपुढे 'नोबडी' करायचं. नव्या माणसाच्या स्वागताच्या मेसेजमध्येच हे कसं करायचं ते सांगा. एक तरी अ‍ॅडमिन बाई असावी, आणि 'हाय'वाल्याची तक्रार आली की चौकशी समिती न बसवता त्याला काढून टाका. बाकीचे नुसते असणारे असू देत. वाचूनही माणूस शिकतो, त्यांच्यामागे लागू नका.

आता नवे लोक येणार कुठून? इथे तुमची मोठी अडचण अशी, की तुमच्या ग्रुपवर इतक्या वर्षांत जी उत्तरं जमली ती बाहेरच्या कोणाला दिसतच नाहीत. टेलिग्राम ग्रुपमधलं बोलणं गुगलमध्ये शोधून सापडत नाही. अडचणीत सापडलेला माणूस "चांगला मराठी ग्रुप" असं शोधत नसतो, तो त्याची अडचण शोधत असतो. तेव्हा सुटलेल्या प्रश्नांतले चांगले निवडून एका साध्या, खुल्या पानावर मराठीत टाकत जा. आठवड्याला दोन पुरेत. मथळा विचारणाऱ्याच्या भाषेत द्या. 'लेगसी फाँट एन्कोडिंगची समस्या' कोणी शोधणार नाही. 'पीडीएफमधून मराठी कॉपी केलं की भलतीच अक्षरं येतात' असंच लोक शोधतात. रोमन लिपीत मराठी टाइप करून शोधणारेही पुष्कळ, त्यांच्यासाठी तोच मथळा खाली रोमनमध्येही द्या. उत्तराखाली एक ओळ: याने सुटलं नाही तर इथे विचारा, आणि ग्रुपची लिंक. असा आलेला माणूस खरी गरज घेऊन येतो.

प्रत्यक्षात जाऊन सांगायचं तर जिथे अडचणी रोज साचतात तिथे जा. आपले सरकार सेवा केंद्र चालवणारे, एमएस-सीआयटीचे क्लास घेणारे, जिल्हा परिषदेचे शिक्षक, डीटीपीवाले, ज्येष्ठ नागरिक संघ. यातले डीटीपीवाले मला सगळ्यात मोलाचे वाटतात. दिवाळी अंकांच्या दिवसांत फाँटच्या ज्या लढाया ते लढतात, त्या बाहेर कोणाला ठाऊकही नसतात. त्यांना आणायचं ते विचारायला म्हणून नाही, सांगायला म्हणून. आणि परदेशातल्या मुलांना विसरू नका. पुण्यातल्या बाबांचा फोन व्हिडिओ कॉलवरून दुरुस्त करता करता टेकीला आलेली पिढी आहे ती. त्यांच्या बाबांना ग्रुपवर घेतलंत तर मुलंही येतील, आणि आपल्याकडे मध्यरात्र असताना न्यू जर्सीत कोणीतरी जागं असेल.

कामाचा हंगामही ओळखा. जून-जुलैत प्रवेशाचे फॉर्म, मग शिष्यवृत्तीचे, अधूनमधून भरतीचे. 'फोटो ठरावीक केबीच्या आत बसत नाही' हा तर बारमाही प्रश्न. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची अपडेट बंद झाली, आणि जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चढत नाही म्हणून कितीतरी दुकानं, शाळा आणि वाचनालयं अडून बसली आहेत. त्यांना मराठीत, घाबरवून न सोडता आणि नवा कॉम्प्युटर गळ्यात न मारता कोण सांगतंय? हा विषय तुमच्या सरांचा. शनिवारी संध्याकाळी तासभर फक्त यावरच प्रश्न घ्या.

मात्र एकदम लोंढा आणू नका. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात युजनेट नावाचं चर्चेचं जाळं होतं. दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या विद्यापीठांतले नवे विद्यार्थी तिथे यायचे, थोडा गोंधळ घालायचे आणि जुन्यांचं बघून रुळायचे. १९९३ च्या सुमारास मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी आपल्या घरगुती ग्राहकांना ते खुलं करायला सुरुवात केली. मग लोंढा थांबेना, शिकवणारे कमी पडले आणि जुन्या मंडळींनी त्या काळाला न संपणारा सप्टेंबर असं नाव दिलं. पाच-सहा उत्तर देणाऱ्यांनी आठवड्यात तीनशे माणसं आणली तर तेच होईल. आधी दहा-बारा उत्तर देणारे तयार होऊ देत. त्यांच्या पाळ्या लावा, आणि "आज मी नाही" म्हणायची मुभा सगळ्यांना द्या, तुम्हालाही. रात्री अकराला जेवणाच्या ताटावरून प्रिंटर दुरुस्त करणारे अ‍ॅडमिन फार दिवस टिकत नाहीत.

राहिलं चॅटजीपीटी. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते आल्यापासून स्टॅक ओव्हरफ्लोवरचे प्रश्नसुद्धा झपाट्याने कमी झाले, तेव्हा तुमचेही होणार. होऊ देत. एक्सेलचं सूत्र विचारायला माणूस तुमच्याकडे आला नाही तर ते बरंच आहे. तुमच्याकडे येईल तो, ज्याला काय विचारायचं हेच कळत नाहीये. किंवा ज्याला मशीनने ठामपणे भलत्याच मेनूत पाठवलंय. किंवा ज्याच्या फोनवर आईची पेन्शन अडकलीय आणि प्रयोग करायची भीती वाटतेय. स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटीची उत्तरं टाकायला बंदी घातली होती, कारण ती दिसायला चोख आणि बऱ्याचदा चुकीची निघत होती. तुम्ही बंदी घालू नका, पाळता येणार नाही. एवढंच सांगा, की स्वतः करून बघितल्याशिवाय कुठलंही उत्तर इथे चिकटवायचं नाही, मग ते मशीनचं असो की मेव्हण्याचं.

आणि ग्रुपचं नाव हवं तर खुशाल बदला, त्याने काही बिघडत नाही. लिंक मात्र तीच ठेवा. सेवा केंद्रांच्या भिंतींवर, शिक्षकांच्या वह्यांत आणि जुन्या मेसेजांत ती गेलेली असेल. ती बदललीत तर ते सगळे पत्ते एका रात्रीत चुकीचे होतील.